मस्तुरा सुईणीचे बुधवार

"लागू पडलं नाही, आपा," सनोबर दारातूनच म्हणाली. चपला काढायच्याही आधी म्हणाली. दुकानदाराकडे फुटका पेला परत करायला यावं, तशी ती आली होती.

मस्तुराने चष्मा कपाळावर सारला. "आधी बस. काय लागू पडलं नाही?"

"सगळंच. चार महिने झाले. दर बुधवारी येते, बेदाणे निवडते, तुम्ही म्हणाल तेव्हा सगळ्यांपुढे बोलते. त्या दिवसाचं तीनदा सांगून झालं माझं. आणि झोप? दोन तास. तीही बसल्या बसल्या. परवा नान लावायला तंदूरमध्ये हात घातला आणि तो बाहेर काढायचा असतो हेच विसरले. हे बघा."

तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलवटून लाल झाली होती. मस्तुराने कपाटातून आपली जुनी सुईणीची पेटी काढली आणि मलम लावायला घेतलं. मलम लावताना तिला बरं वाटलं, कारण हे काम तिला येत होतं.

दुसरं जे काम ती गेली दोन वर्षं करत होती, ते आपल्याला येतं की नाही, याची तिला खात्री नव्हती. सव्वीस वर्षं ती सामूहिक शेतीच्या दवाखान्यात सुईण होती. वख्शच्या खोऱ्यातल्या या गावात तिशीच्या आतलं जवळजवळ प्रत्येक डोकं आधी तिच्या हातात आलेलं. पुढे ज्यांनी बंदुका धरल्या ती डोकीही, आणि ज्यांच्यावर धरल्या तीही. लढाईत दवाखान्याच्या फक्त भिंती उरल्या. तह झाल्यावर परदेशी संस्था आली. तिने खोऱ्यातल्या आठ बायकांना राजधानीत, दुशान्बेला नेलं, गरम पाणी येणाऱ्या हॉटेलात बारा दिवस शिकवलं आणि परत पाठवताना एक प्रमाणपत्र, एक पिशवी आणि फॉर्मांचा गठ्ठा दिला. मस्तुरा कागदोपत्री 'मानसिक आधार सल्लागार' झाली. गावाच्या लेखी ती सुईणच राहिली.

जुन्या वाचनालयात तिला एक खोली मिळाली. पहिले तीन महिने तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. आपल्याला वेड लागलंय असं कोण कबूल करणार? मग मस्तुराने प्रशिक्षणात न शिकवलेली गोष्ट केली. तिने बुधवारी बीबी मुश्किलकुशाचं, म्हणजे अडचणी सोडवणाऱ्या बीबीचं, बसणं घालायला सुरुवात केली. ते आज्या-पणज्यांपासूनचं. नवस असेल, अडचण असेल, तर बायका बुधवारी जमतात. ओयमुल्ला, म्हणजे बायकांत प्रार्थना सांगणारी म्हातारी, लाकूडतोड्याची गोष्ट सांगते, ऐकता ऐकता सगळ्या बेदाण्यांचे देठ काढतात आणि शेवटी ते देठ वाहत्या पाटात सोडून देतात. अट एकच. गोष्ट पुरी सांगायची. मधलं वाक्य गाळलं, तर बीबी ती स्वीकारत नाही आणि अडचण दुप्पट होऊन घरी येते.

या बसण्याला मात्र बायका आल्या. गोष्ट संपून चहा झाला की मस्तुरा म्हणायची, "आता आपल्यापैकी एकीने त्या दिवसांचं सांगायचं." अहवालात ती लिहायची, 'सामूहिक सत्र'. दुशान्बेहून देखरेखीला येणाऱ्या झाफरने एकदा विचारलं होतं, "आपा, सत्रात बेदाणे कशाला?" ती म्हणाली, "हाताला चाळा असला की तोंड सुटतं." त्याने ते वहीत लिहून घेतलं.

तोंडं सुटली. पण कुणाचं काही हललं नाही. फॉर्मवर सोळा प्रश्न होते, प्रत्येकाला गुण. जितके जास्त गुण तितकी बाई वाईट अवस्थेत. दोन वर्षांत अकरा बायकांचे आकडे जागचे ढळले नव्हते. बुधवारी त्यांना हलकं वाटायचं आणि गुरुवारी सगळं जिथल्या तिथे असायचं. आता तर ऑक्टोबरअखेर संस्था गाशा गुंडाळणार होती. परदेशी मंडळींना दुसरीकडे एक ताजी लढाई मिळाली होती. मस्तुराची फार हाव नव्हती. अकरांपैकी एक, निदान एक बाई सुटावी, एवढंच तिला हवं होतं. आणि ती एक सनोबर असावी, कारण सनोबर सगळ्यांत खोल बुडाली होती. उन्हाळ्यात एका पहाटे लोकांनी तिला मोठ्या कालव्याच्या काठावरून हाताला धरून परत आणलं होतं.

"आपा," सनोबर म्हणाली, "बीबी का घेत नाही ते मला ठाऊक आहे. मी गोष्ट अर्धीच सांगितली."

मस्तुराचा हात थांबला. "काय राहिलं सांगायचं?"

"असं नाही. तुम्हाला एकटीला सांगून ते सांगितल्यात जमा होणार नाही. बुधवारी सांगेन. सगळ्यांपुढे, पुरी."

काय राहिलं असेल, ते मस्तुराला माहीत होतं. सगळ्या गावालाच माहीत होतं. ब्याण्णवच्या त्या हिवाळ्यात कुलोबकडचे बंदूकवाले घार्मकडून येऊन वसलेल्यांना शोधत गल्लीत शिरले, तेव्हा पहिलंच घर सनोबरचं होतं आणि ते तिच्या अंगणात बराच वेळ होते. नवरा पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली लपून वाचला. वसंतात तो कामाला रशियात गेला आणि परत आला नाही. का आला नाही, हे बायका एकमेकींना डोळ्यांनी सांगत. तोंडाने कुणी बोललं नव्हतं.

प्रशिक्षणाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं : अशी गोष्ट आधी एकटीने, दार लावून ऐकावी. मस्तुराला ते पान पाठ होतं. पण बारा दिवसांच्या शिक्षणापुढे सव्वीस वर्षांची सुईण जड भरली. बाळंतपणात वार पोटात राहिली की बाई जाते. बोटभर तुकडा राहिला तरी ताप चढतो आणि आठवड्यात जाते. तिने अशा तीन पाहिल्या होत्या.

"पुरी पडू दे," ती म्हणाली. "बुधवारी सांग. मी आहे."

*

मंगळवारी मस्तुरा घरोघर गेली. लग्न न झालेल्या मुलींना या खेपेला आणायचं नाही म्हणाली. सनोबर काय सांगेल ते सांगू द्या, तोंड फिरवू नका, खोलीतलं खोलीत राहू द्या. सगळ्यांनी मान डोलावली. कशाबद्दल चाललंय, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटत होतं, आपल्याला ठाऊक आहे.

शेवटी ती निळ्या फाटकाशी आली. हे ताजिनिसाचं घर, सनोबरच्या भिंतीला भिंत लागून. ताजिनिसाचा नवरा आणि दीर त्याच दिवशी बंदूकवाल्यांनी नेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांची प्रेतं कालव्याच्या झडपेपाशी सापडली. तेव्हा तिची धाकटी पोर अंगावर पीत होती. तरीही खोऱ्यात सर्वांत जास्त हसणारी बाई कोण, तर ताजिनिसा.

"या, सुईणबाई," ती म्हणाली. "माझ्याकडे कुणी अडलेलं नाही. कोंबडीसुद्धा नाही."

"चहा देणार आहेस की नुसती बडबड?"

चहा पिताना मस्तुराने विषय काढला. ताजिनिसाचं हसू गेलं.

"बिचारी," ती म्हणाली. "सात वर्षं पोटात ठेवलंय. मला सांगितलं असतं तर? मी काय परकी? आपा, त्या हिवाळ्यात माझ्या पोरी कुणाच्या पिठावर जगल्या? तिच्या. स्वतःच्या ताटातलं काढून द्यायची. मला दूध येत नव्हतं, तर हिने कुठून शेळी आणून बांधली, देव जाणे. मी रात्र रात्र रडायचे आणि ती बसून ऐकायची. कधी म्हणाली नाही की पुरे आता."

"उद्या तिच्याजवळ बसशील?"

"हात धरून बसेन. सात वर्षं तिने माझं ऐकलं, एक दिवस मी तिचं ऐकेन. त्यात काय मोठं?"

मस्तुराने सहज विचारलं, "तुला झोप येते ना गं?"

"मला? मी दगड आहे. मला कुणावर रागवायचंच नाही, आपा. शेतीच्या ऑफिसात यादी होती. घार्मवाले कोण, कुठल्या घरात, सगळं टाइप केलेलं. यादी त्यांच्या हाती पडली. मग ऑफिस जळलं, टाइप करणाराही मेला. आता भांडू कुणाशी, कागदाशी?" तिने नानचा तुकडा मोडून मस्तुरापुढे सारला. "खा. वाळत चाललाहात."

मस्तुरा घरी परतली ती हलक्या पावलांनी. गेल्या दोन वर्षांत इतकं नीट जुळून आलेलं काही तिला आठवत नव्हतं.

*

बुधवारी नऊ बायका आल्या. चादरीवर बेदाण्यांचा ढीग, मध्ये दिवा, बाजूला पिठाच्या पेजेचं भांडं. ओयमुल्ला बीबिरजब ऐंशीची, तिला दिसायचं कमी, ऐकू यायचं त्याहून कमी. पण गोष्ट तिने एका दमात, एक शब्द न गाळता सांगितली. चहा झाला. ताजिनिसाने आपली गोधडी सरकवून सनोबरच्या गुडघ्याला गुडघा लावला आणि तिचा पट्टी बांधलेला हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

"सांग गं," ती हळूच म्हणाली. "आम्ही काही तुला खात नाही."

सनोबर चादरीकडे बघत बोलू लागली. आवाज सपाट होता.

"मी कणीक मळत होते. त्यांनी फाटक ढकललं. सहा होते. त्यातला एक म्हणाला, तू कुठली? मी माझ्या आईच्या बोलीत बोलले. माझी आई कुलोबची, तुम्हाला माहीत आहे. तो हसला. म्हणाला, म्हणजे आपलीच आहेस. त्याने पाणी मागितलं. सगळ्यांना पाणी दिलं. मग ते बसले. नान मागितली, नान दिली. मला कुणी हात लावला नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मस्तुराला वाटलं, हिला आत्ताच थांबवावं. पण आलेली कळ मागे ढकलता येत नाही, हेही तिला सव्वीस वर्षांनी शिकवलं होतं.

"जाताना तो म्हणाला, आता इथे घार्मवाले कुठे राहतात ते सांग. मी म्हणाले, मला माहीत नाही. माझा नवरा ढिगाखाली होता. तोही घार्मवालाच. त्या माणसाने बंदूक ढिगाकडे केली. त्याला काही कळलं नव्हतं, उगाच केली, खेळ म्हणून. मग मी दाखवलं."

"काय दाखवलं?" बीबिरजबने कानाला हात लावून विचारलं. "मोठ्याने बोल, पोरी."

"निळं फाटक," सनोबर मोठ्याने म्हणाली.

सनोबरचा हात अजून ताजिनिसाच्या मांडीवरच होता. ताजिनिसा त्या हाताकडे बघत होती.

"कुठल्या हाताने?" तिने विचारलं.

"हाताला कणीक होती," सनोबर म्हणाली. "हनुवटीने दाखवलं."

"हनुवटीने."

"हो."

"आणि यादी?"

"यादी नव्हती, ताजी. ते विचारत विचारत आले होते."

ताजिनिसाने तो हात उचलून चादरीवर ठेवला. हिसडा दिला नाही, दुखरा हात ठेवावा तसाच ठेवला. मग तिने आपल्यापुढचे उरलेले बेदाणे निवडायला घेतले. एकेका बेदाण्याचा देठ काढून ती वाटीत टाकत होती. सगळ्या बायका तिची बोटं बघत होत्या. वाटी भरल्यावर ती उठली, डोक्याचा रुमाल नीट केला आणि बाहेर जाऊन चपला शोधू लागली. चपला सापडायला तिला फार वेळ लागला.

"गोष्ट पुरी झाली," बीबिरजब म्हणाली. तिला निम्मं ऐकूच आलं नव्हतं. "बीबी स्वीकारो." आणि तिने दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

*

त्या रात्री सनोबर नऊ तास झोपली. दुसऱ्या रात्रीही झोपली.

त्यानंतरच्या बुधवारी मस्तुराने चादर अंथरली, दिवा लावला आणि दुपारपर्यंत वाट पाहिली. फक्त बीबिरजब आली. तिला कुणी सांगायलाच विसरलं होतं. दोघींनी मिळून पेज खाल्ली.

शेवटच्या आठवड्यात झाफर पांढरी जीप घेऊन शेवटचे फॉर्म भरायला आला. बाकीच्या बायकांनी दारं उघडली नाहीत, सनोबर मात्र आली. एकेक प्रश्न विचारत त्याने खुणा केल्या, बेरीज केली आणि पुन्हा करून पाहिली. "बावन्नवरून अठरा! आपा, साऱ्या खोऱ्यात असा आकडा कुणाचा नाही." मग तो अदबीने सनोबरकडे वळला. "आता कसं वाटतं, ते तुमच्या शब्दांत सांगा ना. अहवालात टाकतो."

"झोप येते," सनोबर म्हणाली. "भूक लागते." मग ती मस्तुराकडे बघत म्हणाली, "कुणी माझ्याशी बोलत नाही, आपा. विहिरीवर गेले की बायका घागरी उचलून जातात. मला लाज वाटते. पण भूक लागते."

झाफरने 'झोप येते, भूक लागते' एवढं लिहून घेतलं.

"अजून एक बाई आहे," मस्तुरा त्याला म्हणाली. "नवीन. तिचं नाव घाल."

"आता नवीन नाव कसं घेऊ, आपा? तीस तारखेला सगळं बंद. आणि ही जी बरी झाली, तिचा आनंद करा की. तुमच्यामुळे झाली."

माझ्यामुळेच झाली, मस्तुराच्या मनात आलं. एकीची झोप काढून मी दुसरीला दिली. तिला त्या कागदाची शिसारी आली. तरी झाफर जीपकडे वळल्यावर तिने गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म ओढून पिशवीत घातला. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

*

निळं फाटक उघडंच होतं. ताजिनिसा अंगणात चिखल मळत होती. झगाबिगा काही नाही, नवऱ्याची जुनी विजार घालून, गुडघ्यापर्यंत चिखलात. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तेरा दिवसांत बाई दहा वर्षांनी म्हातारी झाली होती.

"या, सुईणबाई," ती म्हणाली, पण पुढची थट्टा आली नाही.

"झोपलीस का?"

"नाही."

"एकदाही?"

"डोळे मिटले की हनुवटी दिसते." ती मळायची थांबली. "यादी होती तोवर बरं होतं, आपा. कागदाला चेहरा नसतो. आणि समजा असता, तरी मी गेले असते आणि तिलाच सांगितलं असतं. सात वर्षं सगळं तिलाच सांगत आले. नवरा कसा हसायचा, त्याचा पाय कसा दुखायचा, झडपेपाशी तो कसा दिसला. ती माझे डोळे पुसायची. आता ते रडणंसुद्धा बाद झालं. ती शेळी बाद. ते पीठ बाद. पोरींच्या अंगात तिच्या हातचे झगे आहेत, ते मी काढून घेऊ का? सांगा ना, तुम्ही शिकलाहात. घेऊ का काढून?"

मस्तुराचा हात पिशवीतल्या कोऱ्या फॉर्मकडे गेला आणि तिने तो मागे घेतला.

"तुम्हाला माहीत होतं?" ताजिनिसाने विचारलं.

"नाही. मला वाटलं, मला माहीत आहे."

"मग आधी एकटीला का नाही विचारलंत?"

"चूक झाली माझी," मस्तुरा म्हणाली.

"हो," ताजिनिसा म्हणाली. त्यात राग नव्हता. तिने चिखलाची पाटी उचलली आणि भिंतीकडे गेली.

दोन अंगणांमधली भिंत एका जागी पुरुषभर रुंद पडलेली होती. इतकी वर्षं कुणी बांधली नव्हती, कारण गरम नान, पोरी, कोंबड्या, सगळं तिथूनच जायचं-यायचं. आता ते खिंडार ताजिनिसाच्या छातीपर्यंत भरत आलं होतं. तिने चिखल पसरला, एक वीट बसवली, दुसरी बसवली. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्याकडच्या कच्च्या विटा संपल्या होत्या.

भिंतीपलीकडे कुणाची तरी चाहूल लागली. एक वीट वर आली आणि कडेवर टेकली. पट्टी बांधलेला हात क्षणभर दिसला आणि खाली गेला. उन्हाळ्यात खुराड्यासाठी दोघींनी मिळून पाडलेल्या विटा सनोबरच्या अंगणात रचलेल्या होत्या.

ताजिनिसा त्या विटेकडे बघत राहिली. मस्तुराला वाटलं, आता ती वीट ढकलून देईल. पण ताजिनिसाने वीट उचलली, चिखलावर ठेवली आणि थोपटून बसवली. पलीकडून दुसरी आली. मग तिसरी. विटा ठेवल्याचा आणि चिखल थापल्याचा तेवढा आवाज येत राहिला. पलीकडे आधी सनोबरचं डोकं दिसत होतं, मग नुसता रुमाल, मग फक्त विटा वर सरकवणारी बोटं.

शेवटचा थर उंच होता. ताजिनिसाने स्वयंपाकघरातलं तीन पायांचं स्टूल आणलं आणि ओल्या जमिनीवर ठेवून ती वर चढली. स्टूल डुगडुगू लागलं.

"धरता का जरा?" तिने मागे न बघता विचारलं.

मस्तुराने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं.